काडतुसाच्या खोक्यावरचा ड्रॅम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसानं बंदुकीच्या काडतुसांवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. या विषयाकडे मी आलो तो एका शब्दाचं बोट धरून. शब्द आहे ‘ड्रॅम’.

माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. मातीच्या तबकड्या यंत्रानं हवेत उडवायच्या आणि बंदुकीनं फोडायच्या, हा खेळ तिकडे फार जोरात चालतो. गावोगावी त्याचे क्लब आहेत. भाचाही मित्रांच्या नादानं तिथं जाऊ लागला. एकदा फोनवर म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही शब्दांतले माणूस. इथं काडतुसाच्या खोक्यावर तीन ड्रॅम असं लिहिलंय. ड्रॅम म्हणजे किती?’’ शोधून सांगतो म्हटलं. शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हे काम नुसत्या शब्दकोशावर भागणारं नाही. या तीन ड्रॅमचा अर्थ कुणी सरळ शब्दशः घेतला तर त्याची बोटं जाऊ शकतात, डोळा जाऊ शकतो.

आधी ते खोकं डोळ्यांपुढे आणू या. त्यात पंचवीस काडतुसं असतात. काडतूस म्हणजे बोटभर लांबीची, प्लॅस्टिकची जाड नळी, खाली पितळेची वाटी. वाटीच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर बूच आणि बुचावर शिशाचे बारीक छर्रे. खोक्याच्या बाजूवर ओळीनं आकडे असतात. बारा गेज, पावणेतीन इंच, तीन ड्रॅम इक्विव्हॅलंट, १ १/८ औंस, आठ नंबर.

यातला बारा हा नळीच्या तोंडाचा आकडा. एक पौंड शिसं घेऊन त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा गेजची, आपल्या बोलीत बारा बोअरची बंदूक. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. वीस गेजची नळी बारापेक्षा बारीक. पावणेतीन इंच ही काडतुसाची लांबी, आणि तिच्यात एक गोम आहे. तिच्याकडे नंतर येतो. १ १/८ औंस हे छऱ्यांचं एकूण वजन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. आठ नंबर हा एकेका छऱ्याचा आकार. इथंही आकडा मोठा तर छर्रा लहान. राहिला ड्रॅम. हाच आकडा लोक ‘जोर’ म्हणून वाचतात आणि हाच सगळ्यांत जास्त फसवतो.

शब्द मोठा भटक्या आहे. मूळ ग्रीक ‘द्राख्मे’. त्या नावाचं एक वजन होतं आणि एक चांदीचं नाणंही. लॅटिनमधून, फ्रेंचमधून वाट काढत तो इंग्रजीत गेला आणि ड्रॅम झाला. पूर्वेकडे निघाला तो अरबांकडे दिरहम झाला. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना दिरहम रोजचाच. आपल्याकडे आला तो ‘द्रम्म’ होऊन. कोकणातल्या शिलाहारांच्या कोरीव लेखांत द्रम्म सापडतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत नाण्यांचं कोष्टक दिलं आहे, त्यात सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. हाच द्रम्म पुढे झिजून ‘दाम’ झाला. आपण दामदुप्पट म्हणतो, दाम मोजतो, तेव्हा त्याच ग्रीक नाण्याला हात लावत असतो. अमेरिकेतल्या काडतुसाच्या खोक्यावरचा ड्रॅम आणि आपला दाम ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत.

इंग्रजी वजनांत मात्र ड्रॅमचे दोन झाले. एक औषधांचा. ज्यांनी कंपाउंडरच्या हातची मिक्श्चरची बाटली प्यायली आहे, त्या बाटलीवर कात्रीनं कापलेली कागदाची पट्टी पाहिली आहे, त्यांच्या कानावर हा ड्रॅम आला असेल. औषधी वजनाचा ड्रॅम साठ ग्रेनांचा, जवळपास चार ग्रॅमचा. दुसरा बाजारी वजनाचा. औंसाचा सोळावा भाग, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या किंचित वर. बंदुकीची दारू या दुसऱ्या ड्रॅमनं मोजत. तीन ड्रॅम म्हणजे साधारण ५.३ ग्रॅम, सोनाराच्या भाषेत अर्ध्या तोळ्याला थोडे कमी.

ही दारू म्हणजे काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. दिवाळीत फटाक्यांच्या धुराचा जो वास येतो, तो तिचाच. शेकडो वर्षं जगातल्या सगळ्या बंदुका हिच्यावर चालल्या. कोकणात आमच्या गावी एका वृद्ध गृहस्थांकडे ठासणीची बंदूक होती. भाताच्या दिवसांत डुकरं शेतात शिरली की ती बाहेर निघायची. त्यांच्याकडे एक पितळी माप होतं, अंगठ्याएवढं. मापभर दारू नळीत ओतायची, वर काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा ठासणं. बार उडाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहायचा. डुक्कर पडलं की पळालं, हे धूर विरल्यावरच कळायचं. त्याचं कारण असं, की काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही. तो धूर आणि काजळी होऊन उरतो. नळीत जमतो, हवेत पसरतो. वायूचा दाब बेताचाच राहतो. म्हणून ही दारू पुष्कळ लागते, आणि मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी ती बऱ्याचदा सांभाळून घेते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शिकाऱ्यांचा एक हिशेब ठरून गेला होता. बारा बोअरची बंदूक, तीन ड्रॅम काळी दारू आणि १ १/८ औंस छर्रे. एवढ्यानं छर्रे नळीतून सेकंदाला साधारण १,२०० फूट, म्हणजे सुमारे ३६६ मीटर वेगानं निघतात. आवाजाचा हवेतला वेग ३४३ मीटरच्या आसपास. म्हणजे छर्रा निघताना आवाजाच्या जरासाच पुढे असतो. त्या काळी वेग मोजणं शिकाऱ्याच्या हातात नव्हतं. हातात होतं माप. म्हणून जोर सांगायची भाषाच ड्रॅमची झाली. ‘तीन ड्रॅमचं काडतूस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला धक्का किती बसेल, पक्षी किती लांबून पडेल, सगळं कळायचं.

मग दारू बदलली. १८६० नंतरच्या दशकात शुल्झे नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं लाकडापासून कमी धुराची दारू तयार केली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएलनं आणि १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलनं आपापल्या निर्धूर दारू पुढे आणल्या. या दारूचा पाया म्हणजे आम्लात मुरवलेला कापूस किंवा लाकडाचा लगदा. ती जळाली की जवळपास सगळीच वायू होते. धूर नाही, काजळी नाही. आणि जोर इतका, की पूर्वी जिथं ५.३ ग्रॅम दारू लागायची तिथं सव्वा-दीड ग्रॅममध्ये काम भागू लागलं.

आता विक्रेत्यापुढे पेच पडला. गिऱ्हाईक दोन पिढ्या ड्रॅम बोलत आलेलं. त्याला ‘या काडतुसात सव्वा ग्रॅम दारू आहे’ म्हणून सांगितलं तर तो म्हणणार, फसवता काय? शिवाय नव्या दारूचे प्रकार वेगवेगळे. एकीची सव्वा ग्रॅम दुसरीच्या दीड ग्रॅमइतकी. म्हणून कारखानदारांनी जुन्या शब्दाला एक शेपूट जोडलं. ‘तीन ड्रॅम इक्विव्हॅलंट’. म्हणजे आत तीन ड्रॅम दारू नाही. आत जी काही दारू आहे ती एवढे छर्रे तेवढ्याच वेगानं फेकते, जेवढ्या वेगानं तीन ड्रॅम काळ्या दारूनं फेकले असते.

हे आपल्याला नवं नाही. एलईडी दिव्याचं खोकं बघा. ‘नऊ वॅट’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत, साठ वॅटच्या बल्बइतका प्रकाश. तो साठ वॅटचा पिवळा बल्ब आता घरात शोधून सापडत नाही. पण उजेडाची आपली कल्पना त्याच्यावर बेतलेली, म्हणून दुकानदारही त्याच्याच नावानं सांगतो. दिव्याच्या बाबतीत घोटाळा झाला तर खोलीत उजेड कमी-जास्त पडेल, एवढंच. काडतुसाचं तसं नाही.

अमेरिकेत काडतुसं घरी भरण्याचा छंद पुष्कळांना आहे. उडालेलं रिकामं काडतूस गोळा करायचं, नवी टोपी, दारू, बूच, छर्रे घालून तोंड मिटवायचं. भाच्याच्या एका मित्राला आजोबांच्या सामानात एक जुनं पितळी माप मिळालं. त्याच्या दांड्यावर ड्रॅमच्या खुणा, अडीच, पावणेतीन, तीन. खोक्यावरही तीन ड्रॅम आणि मापावरही तीन ड्रॅम! दोन्ही जुळलेलं पाहून त्याला आनंद झाला आणि तो आधुनिक दारूचा डबा विकत घेऊन आला. माप काळ्या दारूचं. त्यात आजची दारू काठोकाठ भरली तर हवी त्याच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत भरते. तराजूत तीन ड्रॅम तोलली तर चौपटीच्याही वर. क्लबातल्या एका जुन्या माणसानं ते माप त्याच्या हातातून काढून घेतलं, म्हणून पुढचं टळलं. निर्धूर दारू नवी होती त्या काळात ते अनेकांच्या बाबतीत टळलं नाही. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट झाली होती. सुरुवातीच्या काही निर्धूर दारू मुद्दाम अशा फुगीर बनवल्या होत्या, की काळ्या दारूच्याच मापानं भरता याव्यात. लोकांना ती सवय लागली. नंतर दाट, जड दारू आल्या. माप तेच, हात तोच, डब्यातली वस्तू मात्र निराळी. नळ्या फुटल्या.

दाब म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती दर चौरस इंचाला तीस-बत्तीस पौंड. अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी कारखानदारांची संस्था १९२६ मध्ये, तिथल्या केंद्र सरकारच्या विनंतीवरून स्थापन झाली. तिनं बारा गेजच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी घालून दिलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ११,५०० पौंड. चाकातल्या हवेच्या साडेतीनशे पटींहून अधिक दाब, आणि तो बंदूक धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर, पुढच्या हाताच्या तर अगदी जवळ. दारू मापाच्या तिप्पट पडली तर काय होईल हे मी वर्णन करून सांगायला नको.

बरं, मग या आकड्यावरून कळतं तरी काय? वेग कळतो, पण शेजारचा औंसाचा आकडा हाताशी धरला तरच. इथं आपल्या मराठीचा एक फायदा आहे. इंग्रजी माणसाला दोन आणि तीन चतुर्थांश, तीन आणि एक चतुर्थांश असं अडखळत म्हणावं लागतं. आपल्या पावकी, पाऊणकी, सवायकीच्या पाढ्यांतून आलेले पावणेतीन, सव्वातीन, पावणेचार हे शब्द त्या रकान्यात थेट बसतात. तर बारा गेजमध्ये १ १/८ औंस छऱ्यांना पावणेतीन ड्रॅम असेल तर वेग सेकंदाला सुमारे १,१४५ फूट. तीन असेल तर १,२००. सव्वातीन असेल तर १,२५५. पाव ड्रॅम वाढला की पंचावन्न फूट वाढतात, असा हा पाढा आहे. आता ड्रॅम तीनच ठेवा आणि छर्रे कमी करा, एकच औंस घ्या. ओझं हलकं झालं, वेग १,२३५ झाला. उलट सव्वा औंस घाला, वेग १,१६५ वर आला. म्हणजे तीन ड्रॅम हा आकडा तीन खोक्यांवर सारखा असून तीन वेग निघाले. वीस गेजमध्ये तर अडीच ड्रॅम आणि ७/८ औंस यांचा वेगही १,२०० फूटच. त्यामुळे ‘अडीचपेक्षा तीन जोरकस’ असं निरनिराळ्या खोक्यांवरचे आकडे नुसते शेजारी ठेवून म्हणता येत नाही.

‘मॅग्नम’ या शब्दाचंही असंच. तो आला मोठ्या आकाराच्या दारूच्या बाटलीवरून. ही दारू प्यायची बरं का. खोक्यावर मॅग्नम दिसलं की माणसाला वाटतं, हे सगळ्यांत वेगवान असणार. बारा गेजचं पावणेतीन इंची साधं, जोरकस म्हणून विकलं जाणारं काडतूस पावणेचार ड्रॅम आणि सव्वा औंसाचं असतं. त्याचा वेग १,३३० फूट. त्याच लांबीचं मॅग्नम पावणेचार ड्रॅम आणि दीड औंसाचं. वेग १,२६०. मॅग्नम सत्तर फुटांनी हळू! त्यात छर्रे जास्त असतात, म्हणून ते मोठं. खांद्याला धक्का त्याचाच जास्त बसतो आणि तो धक्का बसला की माणूस समजतो, गोळी फार वेगानं गेली. खांद्याची साक्ष इथं फारशी विश्वासाची नाही.

आणि नळीच्या तोंडाशी जो वेगाचा फरक दिसतो, तो पुढे टिकत नाही. छर्रा हलका आणि गोल. हवा त्याला फार लवकर अडवते, आणि जितका वेग जास्त तितकी जास्त अडवते. चाळीस यार्डांवर पोचेपर्यंत शंभर फुटांची आघाडी बरीचशी विरून गेलेली असते. म्हणून तबकड्या फोडणारे जाणते लोक जोरकस काडतूस न घेता पावणेतीन ड्रॅमचं मऊ काडतूस घेतात. दिवसाला शंभर बार काढायचे तर खांदा शाबूत राहिला पाहिजे.

या आकड्यावरून जे कळत नाही, ते अधिक महत्त्वाचं आहे. दाब कळत नाही. दोन खोक्यांवर तीन ड्रॅमच असले तरी एकातली दारू भडकन जळणारी असेल, दुसरीतली सावकाश. वेग सारखा, पण नळीवरचा दाब वेगळा. हलक्या काडतुसात बहुधा झटपट जळणारी दारू घालतात, म्हणून त्याचा दाब भारी काडतुसाइतका चढू शकतो. जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांची नेमकी इथंच फसगत होते. दमिश्कच्या तलवारींवर असते तशी नक्षी अंगावर वागवणाऱ्या जुन्या नळ्या असतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, सळईवर गुंडाळून घडवलेल्या. दिसायला फार देखण्या. त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. ‘ड्रॅम कमी आहे ना, मग चालेल’ असं म्हणून कुणी आजचं काडतूस त्यांत घातलं, तर तो वेगाचा आकडा दाबाचा म्हणून वाचतो आहे. अशी बंदूक आधी जाणकार कारागिराला दाखवावी. आणि तो नको म्हणाला तर भिंतीवर शोभेला ठेवावी.

पितळी वाटीच्या उंचीवरूनही लोक जोर ओळखतात. कागदी काडतुसांच्या काळात भारी बाराला उंच वाटी लागायची, त्यात तथ्य होतं. आता नळी प्लॅस्टिकची आहे. उंच वाटी राहिली आहे ती बरीचशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. रंगावरूनही जोर ठरत नाही. एकच रंग मात्र खरोखर अर्थाचा आहे, तो पिवळा. अमेरिकेत वीस गेजची काडतुसं पिवळी ठेवण्याचा रिवाज आहे, कारण वीसचं काडतूस चुकून बारा गेजच्या नळीत पडलं तर ते आत घसरून पुढे अडकतं. माणसाला नळी मोकळीच वाटते. तो मागून बाराचं काडतूस घालतो आणि घोडा दाबतो. पिवळा रंग त्यासाठी आहे.

आता लांबीची गोम. खोक्यावरची पावणेतीन इंच ही लांबी काडतूस उडाल्यानंतरची असते. उडण्यापूर्वी तोंड आत दुमडलेलं असल्यानं ते आखूड दिसतं. त्यामुळे तीन इंचांचं काडतूस पावणेतीनच्या बंदुकीत आरामात बसतं, बंदूक मिटतेही. बार उडताना ती दुमड पुढे उलगडते, तिला जागा नसते, नळीचा गळा आवळला जातो आणि दाब मर्यादेबाहेर चढतो. बसलं म्हणजे जुळलं, असं इथं नसतं. नळीवर कोरलेली लांबी आणि खोक्यावरची लांबी वाचायचीच.

ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांनाही लागू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली. पण कोकणात, घाटमाथ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरच्या बंदुका अजून आहेत. कित्येक आजोबा-पणजोबांकडून आलेल्या. काडतूस हा आपला शब्दही पोर्तुगीजांबरोबर आलेला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. त्याची ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसं परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. आपल्याकडची पद्धत ब्रिटिश वळणाची. मोठ्या छऱ्यांना एल.जी., एस.जी. अशी अक्षरं, औंसाला सहा बसतात ते एल.जी., आठ बसतात ते एस.जी. इंग्रजांचा सहा नंबर आणि अमेरिकनांचा सहा नंबर हेही एक नव्हेत. अमेरिकन छर्रा किंचित मोठा. आणि लांबी मिलिमीटरमध्ये, ६५ किंवा ७०. पासष्ट म्हणजे अडीच इंच, सत्तर म्हणजे पावणेतीन. जुन्या ब्रिटिश बंदुका बऱ्याचशा पासष्टच्या असतात. पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा फरक. दुकानदारानं सत्तर दिलं आणि बंदूक पासष्टची असली तरी ते आत जातं, मिटतं. म्हणून ज्यांच्या घरी अशी वडिलोपार्जित बंदूक आहे त्यांनी नळीच्या सपाट पोटावर कोरलेले आकडे एकदा भिंग घेऊन बघावेत, आणि वाचता येत नसतील तर परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून घराची लांबी मोजून घ्यावी. काडतूस आणताना ती चिठ्ठी खिशात ठेवली तरी पुरे.

ड्रॅमची सद्दी हळूहळू संपते आहे. तबकड्या फोडण्याच्या खेळाची अमेरिकेतली जी मोठी संघटना आहे, तिच्या नियमांत पूर्वी कमाल मर्यादा तीन ड्रॅमची होती. आता ती फूट प्रतिसेकंदात लिहिलेली असते. ऑलिंपिकचे नेमबाज २४ ग्रॅम छऱ्यांची काडतुसं वापरतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तो हाच छऱ्यांचा खेळ. त्या जगात हिशेब ग्रॅम आणि मीटरचा, ड्रॅमला तिथं कुणी ओळखत नाही. युरोपातही नाही.

ड्रॅमला खरा अडसर आला तो शिशाच्या विषामुळे. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छर्रे बदकं दाण्याबरोबर गिळतात आणि मरतात, हे सिद्ध झाल्यावर १९९१ पासून अमेरिकाभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी झाली. त्या जागी पोलादी छर्रे आले. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याला वेग जास्त द्यावा लागतो. आणि काळ्या दारूनं पोलादी छर्रे फेकण्याचा रिवाज कधी नव्हताच. मग तुलना करायची कशाशी? तरीही कारखानदारांना तो रकाना एकदम काढवला नाही. अनेक पोलादी काडतुसांच्या खोक्यांवर ड्रॅमच्या जागी नुसतं ‘मॅक्स’ छापलेलं असतं, म्हणजे या छऱ्यांसाठी कारखान्यानं ठरवलेली सर्वांत भारी भरती. बंदुकीला सोसेल ती मर्यादा असा त्याचा अर्थ नाही. वेग त्याच्या शेजारी सरळ आकड्यात दिलेला असतो, आणि खोकं हातात घेतल्यावर लांबीपाठोपाठ वाचायचा आकडा तोच.